अर्ध्या दिवसाचं दळण

चक्कीच्या मागच्या खोलीत, कोंड्याच्या पोत्यांना खेटून
लोकेशचा कॉम्प्युटर चालतो.
पुतण्या पुण्याला गेला नोकरीला, जाताना म्हणाला,
काका, बंद करू नका याला,
रिकामा असला की लोकांचं दळण दळतो हा.
कुठल्याशा विद्यापीठातून तुकडे येतात,
कसल्या तरी रेणूच्या घड्या,
हा सोडवतो, परत पाठवतो.
पैसे? नाही.
मूठभर पीठही नाही?
हसला. म्हणाला, यादीत नाव लागतं :
धरणगाव, एक मशीन.

बत्तीस वर्षं झाली चक्कीला.
कळण्याच्या ज्वारीत उडीद किती घालायचा
ते बाया अजून मला विचारतात.
पण त्या खिडकीतला एक प्रश्न मला अडला :
किती दिवसांचं काम जवळ ठेवायचं?

मी दहा लिहिले.
दुकानदाराचा हात, आलेला माल घेतोच.
एका रात्रीत चारशे बारा तुकडे उतरले,
एकामागे एक उभे राहिले, प्रत्येकासमोर तारीख,
आणि मी खुर्चीत रेलून बघत बसलो,
माझ्या दारात एवढी रांग
दिवाळीतसुद्धा लागली नव्हती.

मग वैशाख.
दुपारी बारा ते चार लाईट नाही,
रात्री असली तर मिणमिणती.
उरलेला वेळ चार तास, असं तो सांगायचा,
आणि चार तासांनी सांगायचा, सहा.
झाकण उघडलं तर आत पीठ,
पंख्याच्या पात्यांवर जाड थर,
बाजरीचं, बहुतेक.
दातांच्या ब्रशने काढलं.

तोवर तारखा उलटल्या.
मुदत संपली, मुदत संपली, मुदत संपली,
तुकडा दुसऱ्या मशीनला दिला.
कोणी ओरडलं नाही,
तेच खुपलं.

मागे बेबाबाईचा डबा तीन दिवस पडून होता,
नातीच्या साखरपुड्याचे मांडे करायचे होते तिला.
दारात उभी राहिली, पदर खोचून :
व्हत नही तं लेस कसाले रे भो?
आणि गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन
सुपडूच्या चक्कीकडे निघाली, भर उन्हात.
तिची पाठ दिसली तरी मला.
इथे कोण माघारी गेलं, किती दिवस थांबून,
काही दिसत नाही.

हात न लागलेले तीनशे तुकडे
त्या रात्री मी परत केले.
दहा खोडून लिहिलं
शून्य पूर्णांक पाच.
सकाळी घ्यायचं, संध्याकाळपर्यंत द्यायचं,
लाईट गेली तर गेली,
अडकलं तर चार-पाचांचंच अडकेल.
लोकेश फोनवर म्हणाला, बरोबर केलंत,
असं म्हणाला जणू त्याला आधीच माहीत होतं.
मग सांगायचं ना, गाढवा.

आषाढात दोन दिवस काहीच आलं नाही.
काम उपलब्ध नाही.
पंखा इतका हळू फिरत होता
की पोत्यांमागचा उंदीर ऐकू यायचा.
पुन्हा दहा लिहावेत असं वाटलं, बोटं तिथवर गेलीसुद्धा.
समोर किराणावाल्याकडे पिशवीबंद पीठ आलंय,
तेव्हापासून हे वाक्य
मला पुढल्या खोलीतही ओळखीचं आहे.
नाही लिहिले.
तिसऱ्या दिवशी पहाटे सात तुकडे आले.

उद्या जळगावला डोळ्याचं ऑपरेशन.
आठ दिवस पिठाच्या धुळीत जायचं नाही.
कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी एक बटण आहे :
नवं काम घेऊ नये.
हाती आहे ते पुरं होतं, पाठवलं जातं,
मग मशीन आपोआप गप्प बसतं.
सकाळी दाबलं. आता दोन उरलेत,
एक एक्क्याण्णव टक्के, एक नुकताच सुरू.

बाहेर शटरवर खडूने लिहिलं,
पुढच्या गुरुवारपर्यंत दळण घेतलं जाणार नाही.
खडू ठेवून वळलो तर
बेबाबाई. डबा खाली ठेवलेला.
पाटी वाचता येत नाही तिला,
किंवा येते.
दोनच किलो शे, म्हणाली.

मी घड्याळाकडे बघितलं,
मग बल्बकडे.